चाकोरी

इटलीतल्या पाँपेईच्या, म्हणजे व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन शहराच्या, रस्त्यावर पाऊल ठेवून दहा मिनिटे झाली नसतील, तोच माझी धाकटी बहीण मटकन खाली बसली. तिचा गुडघा दुखावला असेल असे वाटून मी लगबगीने मागे वळले, तर ती रस्त्याच्या काळ्या दगडाला पडलेल्या खोल खाचेत हात घालून मोजत होती. "ताई, चार बोटं भरतंय," ती म्हणाली, "ही चाकोरी आहे गं."

हा शब्द आपण वापरून वापरून इतका गुळगुळीत केला आहे की त्यात चाक आहे हेच विसरून गेलो आहोत. चाकोरीतले आयुष्य, चाकोरीबाहेरचा विचार असे म्हणताना डोळ्यांसमोर कचेरी येते, लोकलचा पास येतो, पण गाडीवाट येत नाही. मी खरी चाकोरी पाहिली ती आजोळी, पावसाळा सरल्यावर वाळलेल्या चिखलात, आणि तीही पुढच्या पावसात बुजून जायची. इथे ती दगडात होती, आणि दगडही साधा नव्हता. व्हेसुव्हियसच्या परिसरातल्या जुन्या, थिजलेल्या लाव्ह्याच्या लाद्या काढून रोमनांनी हे रस्ते बांधले होते. काळ्या दगडावरची रेघ म्हणजे कधीही न पुसली जाणारी गोष्ट, असे आपण म्हणतो. ही रेघ मात्र कोणी ठरवून ओढलेली नव्हती. धान्य, तेल आणि मद्याचे बुधले घेऊन रोज त्याच वाटेने जाणाऱ्या गाड्यांनी ती नकळत ओढली होती.

मी अठ्ठावीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. दर वर्षी फळ्यावर ज्वालामुखीचा उभा छेद काढायचा, लाल खडूने मधली नळी रंगवायची आणि 'जागृत' या शब्दासमोर व्हेसुव्हियस, एटना आणि स्ट्राँबोली ही तीन नावे लिहायची, हा माझा नेम होता. जागृत ज्वालामुखी मी पाहिलेला नव्हता. पाहिली होती ती त्याच्या कुळातली, पण कधीच थंडावलेली मंडळी: राजगड, हरिश्चंद्रगड, नाणेघाट. सह्याद्रीत चालणारा प्रत्येक जण लाव्ह्यावरच चालत असतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून तो थरावर थर असा बाहेर पडला, आणि आज घाटात मान वर केली की ते थर जिन्यासारखे एकावर एक रचलेले दिसतात. त्या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात तेही जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. निवृत्तीनंतर एका ऑक्टोबरात दोन आठवडे काढून मी दक्षिण इटलीला जायचे ठरवले, ते फळ्यावरची ती तीन नावे प्रत्यक्ष पाहायला. त्यातली दोनच साधली, एटना राहून गेला. बहीण माझ्यासोबत आली ती मुख्यतः मला एकटीला सोडायचे नाही म्हणून.

वर्गात मुले नेहमी विचारत की आपला लाव्हा एवढा प्रचंड होता, मग तो व्हेसुव्हियससारखा फुटला का नाही. त्यावर मी पिठले आणि कढीचे उदाहरण देत असे. कढी पातळ असते. तिच्यातली वाफ सहज निघून जाते आणि कढी उतू गेलीच तर नुसती पसरते. पिठले घट्ट असते. त्याच्या पोटात वाफ कोंडते आणि रटरटताना त्याचा शिंतोडा उडून हाताला चटका देतो. दख्खनचा शिलारस बहुतांशी कढीच्या जातीचा होता, व्हेसुव्हियसचा पिठल्याच्या. इसवी सन ७९ मध्ये कोंडलेला वायू सुटला तेव्हा डोंगरावर उभा राहिलेला ढग छत्रीसारख्या पाईन वृक्षासारखा दिसत होता, असे तो दुरून पाहणाऱ्या धाकट्या प्लिनीने इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. पाँपेईवर आधी कित्येक तास हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस पडला आणि त्याच्या भाराने छपरे खचली. दुसऱ्या दिवशी पहाटेनंतर तापलेली राख आणि वायू यांचे लोट जमिनीलगत धावत आले, आणि जे उरले होते तेही संपले.

हे सगळे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच, की पाँपेईत गेल्यावर या शेवटच्या दिवसापेक्षा त्याच्या आधीचे दिवस मनाचा जास्त ताबा घेतात. रस्ता ओलांडण्यासाठी मधोमध उंच चिरे बसवले आहेत, कारण रस्त्यावरून सांडपाणी वाहत असे. आणि त्या चिऱ्यांमधले अंतर असे राखले आहे की गाडीची चाके बरोबर त्यांमधून जावीत. चौकाचौकांत दगडी पाणवठे आहेत. पाणी पिण्यासाठी वाकताना माणसे ज्या जागी हात टेकत तिथली दगडी कड झिजून खोलगट झाली आहे. मी तिथे हात टेकला तेव्हा तो आपोआप त्या खोलगट भागात बसला. कोणा अनोळखी घरी गेल्यावर दाराची कडी नेमकी आपल्याच घरच्यासारखी उघडावी, तसे वाटले.

बहिणीला वेड लावले ते जात्यांनी. पाँपेईतल्या बेकरीतले जाते आपल्यासारखे सपाट नाही. खाली दगडाचा शंकू, आणि त्यावर डमरूच्या आकाराचा पोकळ दगड पालथा घातलेला. डमरूच्या वरच्या तोंडात धान्य ओतायचे, कमरेत लाकडी दांडा अडकवायचा आणि गोल फिरवायचे. तिने दगडावरून हात फिरवला आणि तक्रार केली की याला टाकी लावलेली दिसत नाही. लहानपणी आमच्या गल्लीत पाट्याला आणि जात्याला टाकी लावणारी बाई महिन्या-दोन महिन्यांनी यायची, तिची हाक आम्हा दोघींच्याही कानांत अजून आहे. मी तिला दाखवले की हा दगड बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला, सच्छिद्र आहे. तो जसजसा झिजतो तसतशी आतली नवी छिद्रे उघडी पडतात आणि खरखरीतपणा टिकून राहतो. "म्हणजे टाकी लाव्ह्यानेच लावून दिलीय," ती म्हणाली. अठ्ठावीस वर्षांत मला हे इतक्या थोडक्यात सांगता आले नव्हते.

पण जाते म्हटले की आपल्याला ओवी आठवते, आणि तिथेच साम्य तुटते. पाँपेईची ही जाती गाढवे ओढत, नाहीतर गुलाम. तिथल्या एका बेकरीविषयी पुरातत्त्वज्ञांनी २०२३ मध्ये जाहीर केले त्यात खिडक्यांना लोखंडी गज आहेत, बाहेर जायला वाट नाही, आणि जात्याभोवतीच्या फरशीत डोळे बांधलेल्या जनावरांचे पाऊल चुकू नये म्हणून खाचा कोरल्या आहेत. चाकोरी पडते तशी ही पाडलेलीही असते. मॉडेस्टस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेकरीत १८६२ मध्ये ८१ पाव सापडले, भट्टीत ठेवलेले आणि तिथेच कोळसा झालेले. त्याच स्फोटात गाडल्या गेलेल्या जवळच्या हर्क्युलेनियम गावातल्या एका पावावर तर शिक्का आहे: क्विंटस ग्रानियस वेरस याचा गुलाम सेलेर. मालकाचे नाव आहे, गुलामाचेही आहे, पाव आठ भागांत नीट कापण्यासाठी आखलेला आहे. त्या पावाला दोन हजार वर्षे होत आली, तरी तो शिक्का अजून वाचता येतो.

मृतदेहांच्या प्लास्टरच्या प्रतिमांजवळ मी फार रेंगाळले नाही. राखेत कुजून गेलेल्या देहांच्या पोकळीत प्लास्टर ओतण्याची ही युक्ती पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फिओरेल्ली यांनी १८६३ मध्ये वापरली आणि तिच्यामुळे जगाला पाँपेईचे चेहरे मिळाले, हे खरे. तरी त्या चेहऱ्यांवर आपण आपल्या कथा फार घाईने चढवतो. हातात सोन्याचे कडे असलेली आणि मांडीवर मूल घेतलेली 'आई' वर्षानुवर्षे दाखवली जात होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीत तो पुरुष निघाला, आणि त्या मुलाशी त्याचे रक्ताचे नाते नव्हते. आपल्याला ज्याची सवय असते तेच आपण राखेतही शोधतो. त्या माणसाने शेवटच्या क्षणी परक्याचे मूल जवळ घेतले होते का, हा प्रश्न मला जुन्या कथेपेक्षा मोठा वाटतो.

स्फोटाच्या तारखेचेही असेच झाले. प्लिनीच्या पत्राच्या हस्तलिखितांवरून ती २४ ऑगस्ट मानली जाते. मात्र २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली एक ओळ सापडली आणि तिच्यात आपल्या गणनेनुसार १७ ऑक्टोबर हा दिवस आहे. ओळीत वर्ष नाही, पण कोळशाची अक्षरे उघड्या भिंतीवर फार काळ टिकत नाहीत. शिवाय त्या घराचे काम चालू होते. तेव्हा स्फोट बहुधा ऑक्टोबरात झाला असावा, याकडे अभ्यासकांचा कल आता वाढला आहे. कामगाराने सहज जाता जाता भिंतीवर ओढलेली ती रेघ. चार दिवसांत पुसली जाणार होती, ती राखेने राखली. (हा कोटी करण्याचा मोह नाही, मराठीत हे दोन शब्द इतके जवळ का आहेत हे मला तिथे उभी असतानाच सुचले.)

हर्क्युलेनियम लहान आहे, आणि पाँपेईहून जास्त हादरवणारे. तिथे दगडांचा पाऊस फारसा झालाच नाही. थेट तप्त लोट आले आणि गाव वीस मीटरच्या आसपास खोल गाडले गेले. म्हणून लाकूड कोळसा होऊन टिकले: दारे, तुळया, पलंग, एक पाळणासुद्धा. समुद्रकाठच्या होड्यांच्या कमानींमध्ये आसऱ्याला गेलेल्या सुमारे तीनशे माणसांचे सांगाडे १९८० नंतरच्या उत्खननात सापडले. तिथे उभे राहून वर पाहिले की खड्ड्याच्या कडेला आजच्या एर्कोलानो गावाची घरे दिसतात आणि त्यांच्या गॅलऱ्यांतून वाळत घातलेल्या चादरी खाली डोकावतात.

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात जाण्याचे माझे कारण वेगळे होते. १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना पाँपेईतल्या एका घरात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती तुकड्यांत सापडली. जेमतेम वीतभर उंचीची, दोन बाजूंना दोन छोट्या दासी, कोपरापर्यंत बांगड्या, गुडघ्यापर्यंत वाळे, कमरेला मेखला आणि जवळपास एवढेच. तिला लक्ष्मी म्हटले गेले. आज बरेच अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. शरीरातून वरपासून खालपर्यंत भोक असल्यामुळे ती आरशाची मूठ असावी किंवा छोट्या मेजाचा पाय, असेही तर्क आहेत. ती ठेवली आहे संग्रहालयाच्या 'गुप्त दालनात', म्हणजे रोमन शृंगारिक चित्रे आणि वस्तू यांच्या गर्दीत. हे मला मुळीच आवडले नाही. लेण्यांच्या दारांवर आणि स्तूपांच्या तोरणांवर अशा स्त्रिया उजळ माथ्याने उभ्या असतात. तिला त्या खोलीत पाहताना आपल्या ओळखीची बाई भलत्याच घोळक्यात अडकलेली दिसावी तसे वाटले.

ओळखीची म्हणण्याला आधार आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, म्हणजे प्राचीन भोगवर्धनला, उत्खननात हस्तिदंताच्या अशाच मूर्तीचा खालचा भाग मिळाला, दोन बाजूंच्या दासींसह. तेरलाही, म्हणजे जुन्या तगरनगरीत, हस्तिदंताची एक सुबक स्त्रीमूर्ती सापडली आहे. पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, म्हणून ती नेमकी कुठे घडली यावर एकमत नाही. तरी काही अभ्यासकांनी तिचे माहेर भोकरदनकडे असल्याचे सुचवले आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये म्हटले आहे की पैठण आणि तगर इथला माल गाड्यांतून, वाटा नसलेल्या मोठ्या प्रदेशातून भडोच बंदरात जातो. गाड्यांतून! त्या गाड्यांच्या चाकोऱ्या मराठवाड्याच्या काळ्या मातीत कधीच मिटून गेल्या. पलीकडच्या टोकाच्या तेवढ्या उरल्या आहेत, ज्यांत माझ्या बहिणीने बोटे घातली.

यातला एक योगायोग मला राहून राहून आठवतो. पत्र लिहिणाऱ्या प्लिनीचा मामा, थोरला प्लिनी, याने आपल्या ग्रंथात त्रागा केला आहे की हिंदुस्थानातल्या चैनीच्या वस्तूंपायी रोमचे दर वर्षी ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) बाहेर जातात. हा गृहस्थ त्याच आखातातल्या मिसेनम बंदरातल्या रोमन आरमाराचा प्रमुख होता. व्हेसुव्हियस फुटल्यावर लोकांना सोडवायला म्हणून त्याने जहाजे काढली आणि स्टाबियाच्या किनाऱ्यावर त्याचा अंत झाला. ज्या आयातीवर तो चिडला होता तिचा एक नमुना त्याच उत्पातात, त्याच आखाताच्या काठी, १९३८ पर्यंत झोपून गेला.

आमचा मुक्काम पोत्सुओलीत होता, नेपल्सच्या पश्चिमेला. पर्यटक फारसे इथे उतरत नाहीत. आम्ही उतरलो ते भाडे कमी म्हणून, आणि मला तिथले तीन खांब पाहायचे होते म्हणून. बाजारपेठेच्या मध्ये, रस्त्याहून खालच्या पातळीवर, रोमन मंडईचे अवशेष आहेत. तिथे एका देवाची मूर्ती सापडल्याने लोक बराच काळ त्याला सेरापिसचे देऊळ समजत राहिले. त्यातले संगमरवरी खांब तळापासून सुमारे बारा फुटांपर्यंत गुळगुळीत आहेत, आणि त्यावर सुमारे नऊ फुटांच्या पट्ट्यात भोकेच भोके. ती पाडली आहेत दगड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांनी. खांब जमिनीवर उभारले, जमीन खचून ते समुद्रात गेले, तळाचा भाग गाळात झाकला गेला, वरच्या भागात शिंपल्यांनी घरे केली, मग जमीन पुन्हा वर आली, आणि हे सगळे होताना खांब उभेच राहिले. चार्ल्स लायेल यांनी १८३० च्या आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथात दर्शनी चित्र म्हणून हेच खांब घेतले होते. मी त्या चित्राची झेरॉक्स काढून कित्येक वर्षे वर्गात दाखवली. कठड्याला टेकून प्रत्यक्ष खांब पाहताना कंठ दाटून आला हे सांगायला मला संकोच वाटत नाही. लोक आग्र्याला जाऊन रडतात, मी शिंपल्यांच्या भोकांपाशी रडले.

जमीन अशी वरखाली होण्याचे कारण असे की पोत्सुओली हे गाव ज्वालामुखीच्या शेजारी वसलेले नाही, ते त्याच्या तोंडातच वसले आहे. काम्पी फ्लेग्रेई हे बारा-पंधरा किलोमीटर रुंदीचे खचलेले ज्वालामुखी-विवर, आणि त्याचा तळ श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. १९८२ ते १९८४ या दोन वर्षांत गाव सुमारे १.८ मीटर वर उचलले गेले, तेव्हा हजारो लोकांना घरे सोडावी लागली. २००५ पासून जमीन पुन्हा वर येत आहे, अलीकडे तर महिन्याला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर, आणि तिच्याबरोबर लहानमोठे धक्के. आमच्या मुक्कामातल्या तिसऱ्या रात्री पलंग असा हलला, की शेजारून मालगाडी गेली असावी. मी दचकून बाहेर आले, तर घरमालकीणबाई स्वयंपाकघरात पाणी पीत उभ्या होत्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, केसांना मेंदीचा रंग. फोनमधल्या भाषांतराच्या मदतीने मी विचारले की आता काय करायचे. त्यांनी दारामागच्या खुंटीला लावलेली पिशवी दाखवली. कागदपत्रे, रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, बॅटरी. मग घड्याळाकडे पाहून म्हणाल्या की सकाळी साडेसातला पाववाला येईल, तुम्हाला किती हवेत.

ही बेफिकिरी आहे असे मला त्या रात्री वाटले, थोडा रागही आला. सकाळी पाव खाताना तो ओसरला. पिशवीतल्या गोळ्यांची मुदत त्या दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तपासतात, हे त्यांनी जाता जाता सांगितले. जमीन ज्या गतीने उचलली जाते त्याच गतीने त्यांनीही आपला एक नेम बसवला होता.

जाता जाता आणखी एक. याच गावाची राख चुन्यात कालवली की ती पाण्याखालीही घट्ट होते, हे रोमनांनी ओळखले, आणि तिच्या जोरावर बंदरे आणि घुमट बांधले. पोत्सुओलीवरून त्या राखेला पोझोलाना हे नाव पडले. आपल्याकडे घर बांधताना दारात येऊन पडणाऱ्या सिमेंटच्या पिशव्यांवर 'पोर्टलँड पोझोलाना' असे छापलेले असते ते हेच. आत बहुतेक औष्णिक वीजकेंद्राची राख असते, पण नाव या गावाचे. बहिणीच्या घराचे दोन मजले तिने स्वतः उभे राहून बांधून घेतले आहेत. तिला हे सांगितल्यावर तिने त्या गावाकडे पहिल्यांदा आपलेपणाने पाहिले.

व्हेसुव्हियसबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. पहिल्या दिवशी आम्ही तिकिटाशिवाय गेलो आणि परत आलो, कारण तिकीट आधीच फोनवरून काढावे लागते आणि तिथे फोनला रेंज नव्हती, चूक आमचीच. दुसऱ्या दिवशी, साधारण हजार मीटरवर वाहन थांबते तिथून, राखाडी खडीच्या चढावर आम्ही काठाशी पोहोचलो. १,२८१ मीटर उंचीचा डोंगर, मार्च १९४४ पासून शांत, आत एखाद-दुसरी वाफेची रेघ. कातळांवर राखी रंगाची दगडफुले धरली आहेत. आमच्या मसाल्यातले दगडफूल हेच का, असे बहिणीने विचारले. हे त्याच्या नात्यातले, पण ते नव्हे. मी आत कमी पाहिले, बाहेर जास्त: पायथ्यापासून समुद्रापर्यंत घरेच घरे. सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात सात लाखांच्या आसपास माणसे राहतात. याच डोंगराच्या राखेवर जर्दाळू, द्राक्षे आणि घोसांनी टांगून हिवाळाभर टिकवायचे लहान टोमॅटो पिकतात. मी फळ्यावर तो शंकू काढताना त्याच्या पायथ्याशी एकही घर काढले नव्हते, हे तिथे लक्षात आले.

चालण्याचा खरा आनंद मिळाला तो आमाल्फीच्या किनाऱ्यावरच्या 'देवांच्या वाटेवर'. आजेरोला गावातल्या बोमेरानोपासून नोचेल्लेपर्यंत साडेसहा किलोमीटरच्या आसपास, समुद्रापासून पाचशे-सहाशे मीटर उंचीवरून, डोंगराच्या कुशीला चिकटून जाणारी ही पाऊलवाट आहे. दगडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवले आहेत, त्यामुळे चुकायची भीती नाही. सायरनींच्या, म्हणजे ग्रीक कथेतल्या खलाशांना भुलवणाऱ्या मायाविनींच्या, मोहक गाण्यापासून त्या कथेचा नायक युलिसिस याला वाचवायला देव याच वाटेने धावत खाली आले, अशी दंतकथा आहे. ज्या बेटांवर त्या गात असत ती ली गाल्ली बेटे खाली निळ्या पाण्यात दिसत राहतात. कोकणकड्यावरून कोकण पाहिलेल्या माणसाला अशा दृश्याचे अप्रूप वाटू नये, पण इथे कोकणाच्या जागी थेट समुद्रच असतो. खडक पांढरा, चुन्याचा. लाव्ह्याचा मागमूस नाही. तरी व्हेसुव्हियसची उडालेली राख इथल्या मातीत मिसळलेली आहे, आणि ती माती उतारावरून वाहून जाऊ नये म्हणून शतकानुशतके लोकांनी चुना-मातीशिवाय नुसता दगडावर दगड रचून ताली घातल्या आहेत. त्या तालींवर लिंबाच्या बागा आणि द्राक्षांचे मांडव.

वाटेत एक म्हातारे गृहस्थ ढासळलेली ताल पुन्हा रचत होते. बाजूला दोन खेचरे पाठीवर दगडांच्या टोपल्या घेऊन उभी होती, कारण या उतारांवर दुसरे वाहन चालत नाही. एक दगड उचलायचा, फिरवून पाहायचा, ठेवायचा, पसंत नसेल तर बाजूला टाकायचा, पण टाकलेलाही थोड्या वेळाने बरोबर कुठेतरी बसायचा. आम्ही अर्धा तास बसून पाहिले. तेवढ्यात हातभर भिंत झाली. नोचेल्लेहून खाली सतराशेच्या आसपास पायऱ्या उतरतात. बहिणीने गुडघ्याला हात लावून बस पकडली, मी पायऱ्या उतरले, आणि दुसऱ्या दिवशी मीच लंगडत होते.

शेवटी स्ट्राँबोली. नेपल्सहून रात्री सुटलेली बोट पहाटे त्या बेटाशी लागते, आणि अंधारात पाण्यातून वर आलेला ९२४ मीटरचा काळा त्रिकोण दिसतो, ज्याच्या टोकावर मधूनच लाल ठिणगी उमटते. दोन हजार वर्षांहून अधिक काळ हा असाच धुमसतो आहे. जुने खलाशी त्याला भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ म्हणत. इथला शिलारस व्हेसुव्हियसइतका घट्ट नाही, वायूचे मोठे बुडबुडे नळीतून वर येतात आणि फुटतात, दर दहा-वीस मिनिटांनी. सहसा तेवढेच. मात्र ३ जुलै २०१९ ला भर उन्हाळ्याच्या दुपारी मोठा स्फोट झाला आणि उतारावरचा एक पदयात्री दगावला. त्यानंतर माथ्यावर जायला बंदी आली. आम्ही गेलो तेव्हा मार्गदर्शकाशिवाय फक्त २९० मीटरपर्यंत जाता येत होते. २०२२ च्या मे महिन्यात आगीत उतारांवरची झाडी जळाली, आणि त्याच ऑगस्टच्या पावसात उघडी पडलेली राख चिखल होऊन गावात घुसली. ज्वालामुखीने केले नाही ते नुकसान आगीने आणि पावसाने केले.

संध्याकाळी आम्ही निघालो. गावातल्या गल्ल्या पांढऱ्याशुभ्र, रस्त्यावर दिवे नाहीत, वाहने म्हणजे तीनचाकी टेम्पो. बोरूच्या बनातून वळणे घेत जाणारी जुनी खेचरांची वाट काळ्या दगडांनी बांधलेली होती आणि मधोमध झिजलेली. बहिणीने माझ्याकडे पाहिले, मीही पाहिले, दोघी काही बोललो नाही. २९० मीटरवर 'शारा देल फुओको' हा काळा, रुंद, थेट समुद्रात उतरणारा घसरंडा समोर उघडला. बसायला जागा शोधली, जॅकेट घातली, डब्यातली थालीपिठे काढली. (भाजणी पुण्याहून नेली होती. पोत्सुओलीच्या स्वयंपाकघरात बहिणीने घरमालकीणबाईंनाही थालीपिठे खाऊ घातली होती आणि त्यांनी त्यावर लिंबू पिळले, जे चांगले लागले.)

आधी लाल फवारा दिसतो, मग क्षणभराने घुमणारा आवाज येतो, आणि त्यानंतर कितीतरी वेळ तापलेले दगड गडगडत, ठेचकाळत, अंधारात ठिणग्या सांडत समुद्राकडे जात राहतात. पाण्यात पडताना त्यांचा चर्र आवाज इतक्या लांबून येत नाही. मी मात्र दर वेळी कान देत होते. आजूबाजूचे लोक पहिल्या फवाऱ्याला ओरडले, दुसऱ्याला टाळ्या वाजवल्या, चौथ्या-पाचव्याला गप्प झाले. फळ्यावरची लाल खडूची नळी, पिठले, कढी, सगळे माझ्या डोक्यात होते आणि त्यातले काहीच उपयोगी पडत नव्हते.

"कुकरच्या शिट्ट्या मोजतेय असं वाटतंय," बहीण अंधारातून म्हणाली, "फक्त खाली उतरवायला कोणी नाही."

मी विचारले, किती झाल्या.

"सात. थांबायचं ना अजून?" तिने गुडघ्याखाली पिशवी सरकवली आणि पाय लांब केले. घड्याळात साडेआठ वाजले होते. खाली गावात कोणाच्या तरी अंगणात दिवा लागला, भांड्यांचा आवाज आला. आठवी व्हायला बराच वेळ लागला, आणि तोवर आम्ही उरलेली थालीपिठे संपवली.